रिकर्व्ह धनुष्याचा आवाज: लोकर, रबर की फर?

सॅमिक सेज हे कोरियन कंपनीचं ६२ इंची टेकडाउन (भाग सुटे करता येणारं) रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. पहिलं धनुष्य म्हणून ते जगभर खूप विकलं गेलं, आणि तक्रारही सगळीकडून एकच येते: बाण सुटला की दोरी वाजते. पुराणातला टणत्कार ऐकायला छान वाटतो, पण हातातल्या धनुष्याचा टणत्कार म्हणजे बाणापर्यंत न पोचलेली ताकद. ओढलेल्या लिंबमधली (लिंब म्हणजे धनुष्याचा वरचा आणि खालचा लवचिक हात) सगळी ऊर्जा बाण घेऊन जात नाही. उरलेली लिंबमध्ये आणि दोरीत थरथरत राहते. तिचा काही भाग कानाला ऐकू येतो, काही मनगटाला झिणझिण्या आणतो.

यावर उपाय म्हणून दोरीवर बांधायचे सायलेन्सर मिळतात. मुख्य प्रकार तीन: रबराच्या मिशा, लोकरीचे गोंडे आणि बीव्हरच्या फराचे गोळे. इथे या तिघांची पारख सेजवर केली आहे. ६० ते ६४ इंचांच्या कुठल्याही साध्या टेकडाउनला ती बहुतेक तशीच लागू पडेल.

पण सायलेन्सर सगळ्यात शेवटी घ्यायचा. ब्रेस हाइट (मूठ आणि दोरी यांतलं अंतर) चुकलेली असताना दोरीला गोंडे बांधणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून आधी कान लावा. सुटल्यानंतर लांबत जाणारं ‘टण्णऽऽ’ येत असेल तर दोरी थरथरतेय, आणि सायलेन्सरचं काम तेवढंच आहे. थप्पड मारल्यासारखं कोरडं ‘चट्’ येत असेल तर दोरी लिंबच्या वळणावर आपटतेय. बारीक खडखड किंवा झुंऽ येत असेल तर काहीतरी ढिलं आहे: लिंबचा बोल्ट, रेस्ट (बाण टेकवायचा आधार), साइटचा (नेम धरायच्या साधनाचा) स्क्रू, क्विव्हरमधले (भात्यातले) बाण. चढवलेलं धनुष्य हातात धरून रायझरवर (धनुष्याच्या मधल्या दांड्यावर) तळव्याने थाप मारली की ढिला भाग लगेच बोलतो. बाण ओढतानाच खर्रर्र येत असेल तर शेल्फवर (मुठीच्या वरच्या, बाण टेकतो त्या कट्ट्यावर) नमदा किंवा फेल्ट चिकटवा. नेमबाजाचा कान दोरीच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे त्याला खरा अंदाज येत नाही. दुसऱ्या कुणाला तरी शूटिंग लाइनच्या मागे चार-पाच मीटरवर उभं करून ऐकायला सांगा.

ब्रेस हाइट म्हणजे ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. सेजसाठी ते साडेसात ते सव्वाआठ इंच, म्हणजे साधारण १९ ते २१ सेंमी असावं. सोबत येणारी दोरी डेक्रॉनची असते. डेक्रॉन सुरुवातीच्या पन्नास-शंभर बाणांत ताणला जातो, ब्रेस हाइट खाली येते आणि ‘गेल्या आठवड्यात बरं होतं, आता वाजायला लागलं’ अशी तक्रार सुरू होते. दोरी उतरवून एका टोकाला चार-पाच पीळ द्या. आधीचा पीळ ज्या दिशेचा असेल त्याच दिशेने द्या, उलट दिला तर फ्लेमिश (पीळ देऊन वळलेली) दोरी उकलायला लागते. साडेसात इंचांपासून सुरू करून साधारण ३ मिमीच्या टप्प्याने वर जा आणि प्रत्येक टप्प्यावर तीन-चार बाण मारा. एका ठिकाणी आवाज एकदम भरीव, बसका होतो. ती जागा सापडली की बो-स्क्वेअरने (दोरीला लावायच्या T आकाराच्या पट्टीने) मोजून वहीत लिहून ठेवा. त्याच्या वर गेलात तर बाणाचा वेग विनाकारण कमी होतो. पीळ बदलला की नॉकिंग पॉइंटही (दोरीवर बाण लावायची जागा) थोडा सरकतो, तो पुन्हा तपासायला विसरू नका.

मग बाणाचं वजन. हलका बाण कमी ऊर्जा घेऊन जातो आणि बाकीची धनुष्याच्या पदरात टाकतो. बोटांवर येणाऱ्या दर पाउंडामागे ९ ते १० ग्रेन बाण असला की रिकर्व्ह शांत वाजतं. ८ च्या खाली गेलं की कुठलाही सायलेन्सर पुरा पडत नाही. ४० पाउंडांना ४०० ग्रेन, म्हणजे जेमतेम २६ ग्रॅम. इथे एक चूक हमखास होते. लिंबवरचा ४० हा आकडा २८ इंच ड्रॉचा, म्हणजे दोरी तेवढी ओढल्यावरचा असतो. ड्रॉ २६ इंच असेल तर बोटांवर ३५-३६ पाउंडच येतात, हिशोब त्यावर करायचा. वजन वाढवायला पितळी इन्सर्ट (टोक बसवायचा आतला तुकडा) किंवा जड टोक लावता येतं, पण पुढचं वजन वाढलं की बाण जास्त वाकतो. मग शाफ्ट (बाणाची काडी) एक पायरी कडक स्पाइनचा, म्हणजे कमी वाकणारा, घ्यावा लागतो. तो नाही घेतला तर बाण रायझरला घासतो, आणि एक आवाज घालवताना दुसरा पदरी पडतो.

नॉक, म्हणजे बाणाच्या मागची दोरीत अडकणारी खाच, फार घट्ट असेल तर सुटताना ‘टक’ ऐकू येतं. बाण दोरीला लटकवा आणि नॉकपासून दोन बोटं अंतरावर दोरीला हलकी टिचकी मारा. बाण गळून पडला तर घट्टपणा योग्य. आपोआप पडत असेल तर नॉक ढिला, आणि तो घट्ट नॉकपेक्षा वाईट: बाण दोरीवरून निसटला तर धनुष्य रिकामंच सुटतं, त्यात लिंब फुटू शकतं.

‘चट्’ तरीही राहिलं तर दोरी लिंबला जिथे टेकते तिथे वेल्क्रोची मऊ बाजू चिकटवा. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात ती मीटरवर मिळते. सात-आठ सेंमीचे दोन तुकडे पुरतात, वर आणि खाली सारख्या लांबीचे. जाड पट्टी नको, त्याने दोरी लिंबपासून उचलली जाते आणि ब्रेस हाइट पुन्हा जुळवावी लागते. एवढ्याशा वेल्क्रोने जो फरक पडतो तो महागड्या लिंब डॅम्परनेही क्वचितच पडतो.

एवढं करूनही मागे राहतं ते ‘टण्ण’. इथून सायलेन्सरचा प्रांत सुरू होतो.

रबराच्या मिशा सगळ्यात सहज मिळतात आणि बसवायलाही सोप्या. दोरीचे पदर निम्मे-निम्मे वेगळे करा (१४ पदरी असेल तर सात आणि सात), मधून रबराची पट्टी घाला, घट्ट गाठ मारा आणि टोकं ताणून धागे मोकळे करा. पावसाचा यांच्यावर काही परिणाम होत नाही, कोकणात किंवा मुंबईच्या जुलैत हा मोठा गुण. पण रबर जड असतं, बाणाचा वेग थोडा खातं. मिशा लांब ठेवल्या तर त्या स्वतःच हवेत फटफटतात, म्हणून तीन-चार सेंमीवर कात्री लावा. उन्हाने रबराला चिरा पडतात. विदर्भातल्या मेमध्ये बंद गाडीत धनुष्य ठेवलं तर ते चिकट होऊन एकमेकांना धरतं. दर मोसमात बदलायची वस्तू समजूनच घ्यावी.

लोकरीचे गोंडे ही आमची पहिली पसंती. वजन जवळजवळ नाही, आवाज मारण्यात रबराच्या बरोबरीचे, आणि घरी करता येतात. खरी लोकर घ्या. ॲक्रिलिकचे धागे थोड्याच दिवसांत दबून चपटे होतात, लोकर मात्र पुन्हा फुलते. पाच-पाच सेंमीचे तीस-चाळीस तुकडे एकत्र धरा, दोरीचे पदर उघडून मधोमध आडवे घाला, आणि वर-खाली दोन्ही बाजूंना डेंटल फ्लॉसचे पाच-सहा वेढे आवळून गाठ मारा. हे वेढे नीट पडले नाहीत तर गोंडा बाणागणिक नॉककडे सरकत येतो. मग बोटांनी धागे सोडवून कात्रीने गोल छाटा. नीट बसलेला गोंडा लिंबू फळाएवढा दिसतो आणि बोटाने ढकलला तर जागचा हलत नाही. दोष दोन. ओला झाला की पाणी पितो, जड होतो आणि बाण खाली जायला लागतात. आणि लोकर असल्यामुळे पेटीत पडून राहिली तर कसर लागते.

बीव्हरच्या फराची पट्टी तिघांत सगळ्यात गुणी. एक टोक पदरांत अडकवून पट्टी दोरीभोवती गुंडाळायची आणि दुसरं टोक पुन्हा पदरांत खोचायचं. हा प्राणी पाण्यातला, त्याची फर दाट आणि तेलकट, त्यामुळे पावसात लोकरीसारखी भिजत नाही. अमेरिकेतल्या पारंपरिक धनुर्धरांना ती म्हणूनच आवडते. तिथे आवाजाला वेगळं महत्त्वही आहे. २० यार्डांवरच्या हरणापर्यंत सेकंदाला १८० फुटांनी जाणारा बाण पोचायला सेकंदाचा एक तृतीयांश लागतो, आवाज मात्र सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो. उरलेल्या पाव सेकंदात हरीण खाली दबतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही. रेंजवरच्या सरावासाठी परदेशातून फर मागवण्याएवढा फरक लोकरीत आणि तिच्यात आम्हाला दिसत नाही.

तिघांपैकी काहीही घ्या, जागा चुकली तर पैसे वाया. दोरी लिंबला सोडते तिथून दुसऱ्या लिंबपर्यंतची मोकळी लांबी मोजा. समजा १३२ सेंमी भरली. वरच्या टोकापासून चौथाईवर, म्हणजे ३३ सेंमीवर एक, आणि खालच्या टोकापासून एक तृतीयांशावर, म्हणजे ४४ सेंमीवर दुसरा. दोन्ही सारख्या अंतरावर का नाहीत? दोरी एकाच वेळी अनेक लयींत थरथरते. चौथाईचा बिंदू चौथ्या लयीत स्थिर असतो, तिथे बांधलेला गोंडा तिला पकडू शकत नाही. तृतीयांशावर तिसरी लय निसटते. दोन वेगळ्या जागा असल्या की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

बेअरबो (साइट न लावता खेळायच्या) स्पर्धेत उतरणाऱ्यांनी मात्र हे जसंच्या तसं करू नये. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांनुसार सायलेन्सर नॉकिंग पॉइंटपासून ३० सेंमीच्या आत चालत नाही, आणि वरच्या हिशोबात खालचा गोंडा फक्त २२ सेंमीवर येतो. तोही चौथाईवर किंवा आणखी थोडा बाहेर न्या. नॉकिंग पॉइंट दोरीच्या मध्यापेक्षा किंचित वर असू शकतो, म्हणून वरचं अंतर टेप लावूनच पाहा.

सायलेन्सर बसवल्यावर दोरीला मेण चोळा आणि ब्रेस हाइट पुन्हा मोजा. पदरांत वस्तू अडकवली की दोरी केसभर आखूड होते आणि ब्रेस हाइट एक-दोन मिमी वर सरकते. रबर लावलं असेल तर १८ मीटरवर बाण थोडे खाली लागतील. ती नेमातली चूक नाही, साइट त्याप्रमाणे हलवा.