गाईचा व्हॉल्व्ह: पाचपैकी चार तारे

नोकरीतली सगळी वर्षं मी जत-कवठेमहांकाळ पट्ट्यात गुरांचा डॉक्टर होतो. त्यामुळे हार्टच्या सर्जननी "हृदयाची झडप बदलायची, तर व्हॉल्व्ह मेटलचा बसवायचा की टिश्यूचा?" असं विचारलं, तेव्हा माझा उलट प्रश्न होता, "टिश्यू कुणाचा? डुकराचा का गाईचा?" ते हसले. गाईचा, म्हणाले. हृदयाभोवती जी पातळ पिशवी असते, तिच्या तीन पाकळ्या कापून चौकटीवर शिवतात. तसला २३ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह आता माझ्या महाधमनीच्या तोंडाशी आहे.

घरात पहिला खल झाला तो गाईवरून. वहिनी माळकरी. "भावोजी, दुसरं काही मिळत नाही का?" डुकराचा मिळतो म्हटल्यावर त्या गप्प झाल्या आणि विषय मिटला.

माझी धास्ती वेगळी होती, रिजेक्शनची, म्हणजे शरीरानं परका अवयव नाकारण्याची. गाय, डुक्कर यांच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते, माणसाच्या पेशींवर नसते. उलट आतड्यातल्या जिवाणूंमुळे तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या रक्तात कायम तयार असतात. डुकराचं किडनी किंवा हृदय आहे तसं माणसाला जोडलं, तर ते काही मिनिटांत-तासांत काळंनिळं पडून बंद पडतं. आसामात डॉ. धनीराम बरुआंनी १९९७ साली डुकराचं हृदय एका रुग्णाला बसवलं. रुग्ण आठवडाभरात गेला आणि डॉक्टरांना तुरुंगवास झाला. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत मेरीलँडला डेव्हिड बेनेट यांना बसवलेल्या डुकराच्या हृदयात तर दहा जनुकीय बदल केले होते. ते दोन महिने जगले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला अलाबामाच्या एका बाईंना डुकराची किडनी बसवली. ती १३० दिवस चालली, मग शरीरानं नाकारली आणि एप्रिल २०२५ मध्ये काढावी लागली. अमेरिकेतल्या या दोघांना प्रतिकारशक्ती दाबणारी जबर औषधं चालू होती.

मला त्यातली एकही गोळी नाही. कारण माझा माल मेलेला आहे! १९६०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसचे हार्ट सर्जन आलां कार्पेंतिए यांनी प्राण्याची झडप ग्लुटराल्डिहाइड या रसायनात मुरवायची रीत आणली. चांभार कातडं कमावतो त्याच जातीचं हे काम. पेशी मरतात, प्रथिनं एकमेकांत घट्ट बांधली जातात, आणि अँटिबॉडींना पकडायला जागा फारशी उरत नाही. फारशी म्हणतोय, अजिबात नाही असं नाही. राहिलेल्या खुणांवर शरीर सावकाश कुरतडत बसतं, पाकळ्यांवर कॅल्शियम चढतं, त्या ताठ होतात. साधारण दहा-पंधरा वर्षांत. तरुणांत याहून लवकर, म्हणून चाळिशीतल्या माणसाला मी हा व्हॉल्व्ह डोळे झाकून घ्या म्हणणार नाही. एक तारा इथेच कापला.

बाकी वापर सुखाचा आहे. माझ्या एका मित्राला मेटलचा बसवलाय. रात्री खोली शांत झाली की त्याच्या छातीतली टिकटिक बायकोला ऐकू येते. रक्त पातळ ठेवणारी अॅसिट्रॉमची गोळी जन्मभर, रक्त किती पातळ झालंय ते बघायला सारखी आयएनआर तपासणी, पालक-मेथी जपून खायची. मला अॅसिट्रॉम तीन महिनेच दिली, आता फक्त अॅस्पिरिन. वर्षातून एकदा टू-डी इको, आणि दात काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिक. मेटलपेक्षा महाग पडतो, हे खरं.

राग आहे तो समजावून सांगणाऱ्यांवर. हॉस्पिटलात (नाव देत नाही) पॅकेज समजावायला आलेला पोरगा बिनदिक्कत "लाइफटाइम आहे काका" म्हणाला. कुणाच्या लाइफचा टाइम, ते त्यालाच ठाऊक. दुकानदार म्हशीच्या दुधाची हमी तरी विचार करून देतो.

घेणाऱ्यांनी सर्जनना एक गोष्ट जरूर विचारावी: माझ्या मापात मोठ्यात मोठा कुठला बसेल? हा ताठ झाला की मांडीच्या धमनीतून नळी घालून त्याच्याच आत नवा व्हॉल्व्ह उघडता येतो, छाती पुन्हा फाडावी लागत नाही. पण पहिलाच लहान बसवला असेल तर आतल्याला जागा पुरत नाही. आणि डिस्चार्जच्या वेळी सिरियल नंबर, माप लिहिलेलं कार्ड मागून घ्या. मला ते दोनदा मागावं लागलं.