‘झोन ३’ची चिठ्ठी आणि कुणी न विचारलेला खुंट

कॅनडाच्या प्रेअरी पट्ट्यात, म्हणजे अल्बर्टा, सास्कॅचेवन आणि मॅनिटोबात, मे महिन्यात दुकानांच्या पार्किंगमध्ये फळझाडांच्या कुंड्या मांडल्या जातात. त्यात एक झाड हमखास असतं. एकाच खोडावर चार फांद्या आणि प्रत्येक फांदीला सफरचंदाच्या वेगळ्या जातीची चिठ्ठी: गाला, फुजी, हनीक्रिस्प, ग्रॅनी स्मिथ. बुंध्याशी मोठ्या अक्षरात ‘झोन ३’, म्हणजे झाड थंडीच्या कोणत्या पट्ट्यात तग धरेल याचा आकडा. किंमत साध्या कलमापेक्षा बरीच जास्त, आणि वर एक वर्षाची हमी. नवं घर घेतलेली माणसं सगळ्यात आधी हेच झाड उचलतात. रत्नागिरीत हापूसचं कलम घेताना ‘आधी जोड दाखवा’ म्हणणारा माणूससुद्धा इथे चिठ्ठीवरचं चित्र बघून पैसे मोजतो.

फसलेल्यांच्या पावत्या आणि मेलेली खोडं समोर ठेवली की नमुना एकच निघतो. यात सरळ खोटं फार कमी असतं, आणि म्हणूनच नंतर विक्रेत्याला पकडणं जड जातं. जातीचं नाव ठळक, खुंटाचं (कलम ज्या मुळाच्या रोपावर बांधतात त्याचं) नाव गायब, आणि हमीची मुदत अशी की झाड मेल्याचं कळेपर्यंत ती उलटून गेलेली असते.

आधी ही हमी कशी चकवते ते पाहू. मेमध्ये लावलेलं झाड पहिला हिवाळा काढतं. पुढच्या मेमध्ये कळ्या फुटतात, पानं येतात, कधी फुलंही दिसतात. घरचे खूश, आणि हमी संपते. जूनच्या अखेरीस ऊन चढलं की आठ-दहा दिवसांत सगळी पानं माना टाकतात. याचं कारण साधं आहे. वसंतातली पहिली पालवी लाकडात आधीच साठलेल्या अन्नपाण्यावर फुटते, तिला जिवंत मुळांची गरज पडत नाही. मुळं जानेवारीतच मेलेली असली तरी झाड मेअखेर हिरवं दिसू शकतं. पानं मोठी झाली, पाण्याची मागणी वाढली, की खालून काही येत नाही हे उघड होतं.

दुसरा चकवा खुंटावरच्या फुटव्यांचा. वरची कलम मरते आणि जोडाच्या खालून दोन-तीन जोमदार कोंब येतात. विक्रेता फोटो बघून म्हणतो, ‘झाड जिवंत आहे, हमी लागू नाही.’ ते कोंब तुम्ही विकत घेतलेल्या जातीचे नसतातच. चार-पाच वर्षं सांभाळून त्यांना जी फळं येतील, त्यांचा गालाशी काही संबंध नसेल. त्यामुळे हमीच्या कागदावर ‘झाड जिवंत’ असं मोघम न ठेवता ‘जोडाच्या वरचा भाग जिवंत’ असं लिहून घ्यावं, आणि मुदत दुसऱ्या वर्षाच्या जुलैअखेरपर्यंत मागावी. चांगली रोपवाटिका यावर निदान बोलायला तयार होते.

आता ‘झोन’ची गोष्ट. थंडीच्या पट्ट्यांचा अमेरिकी नकाशा एकाच आकड्यावर उभा आहे: दरवर्षीचं सर्वांत कमी तापमान घेऊन काढलेली सरासरी. झोन ३ म्हणजे उणे ४० ते उणे ३४.४ अंश सेल्सियस, झोन ४ म्हणजे उणे ३४.४ ते उणे २८.९. ही सरासरी असल्यामुळे कित्येक हिवाळे त्याहून कडक जातात. कॅनडाचा नकाशा सात गोष्टी धरतो. थंडीबरोबर हिमविरहित दिवस, बर्फाचा थर, जोराचा वारा, जानेवारीतला पाऊस अशा बाबीही त्यात येतात. दोन्ही नकाशांत आकडे सारखे, अर्थ वेगळे. चिठ्ठीवर कोणता नकाशा ते लिहिलेलं नसतं. शिवाय ‘झोन’ फांदीवरच्या जातीचा आहे की मुळाचा, हेही नसतं.

खरी मेख मुळात आहे. बुटक्या आणि मध्यम झाडांसाठी जगभर वापरले जाणारे एम ९, एम २६, एम ७, एमएम १०६ हे खुंट इंग्लंडमध्ये निवडलेले, सौम्य हवेचे. एम ९ ची मुळं मातीचं तापमान उणे १०-१२ च्या आसपास गेलं की दगावू लागतात. हवा उणे ३५ असली तरी ४०-५० सेंटिमीटर भुसभुशीत बर्फाखाली माती शून्याच्या थोडीच खाली राहते, म्हणून बर्फाचे हिवाळे हे खुंट कसेबसे काढतात. पण अल्बर्टातल्या कॅल्गरीकडे चिनूकचा उष्ण वारा आला की काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी वर चढतं, बर्फ उडून जातो आणि पाठोपाठ पुन्हा कडाका पडतो. उघड्या, कोरड्या जमिनीत मुळांचा निभाव लागत नाही. प्रेअरीसाठी विचारायचे खुंट म्हणजे अंतोनोव्का हे सफरचंद, किंवा सायबेरियन क्रॅब आणि डोल्गो ही लहान फळांची क्रॅबॲपल, यांच्या बियांची रोपं, किंवा मग रशियात तयार झालेला बुडागोव्स्की ९ आणि कॅनडातला ऑटावा ३. यातल्या बियांच्या खुंटांवर झाड मोठं होतं आणि फळ उशिरा धरतं. घाईच्या गिऱ्हाइकाला ते पटत नाही, म्हणून दुकानदार त्यांची जाहिरात करत नाही.

जाती तरी कशा निवडल्यात बघा. कॅल्गरी किंवा सास्काटूनला हिमाविना मिळणारे दिवस सरासरी ११०-१२० च्या आसपास. फुलापासून फळ तयार व्हायला फुजी आणि ग्रॅनी स्मिथला १६० दिवसांहून जास्त लागतात. म्हणजे झाड जगलं तरी फळ पिकण्याचा प्रश्नच येत नाही. हनीक्रिस्पच्या बाबतीत मात्र अर्धं खरं आहे. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये आणलेली ही जात थंडीला बरीच काटक आहे, आडोशाच्या अंगणात कणखर खुंटावर ती तग धरते, पण उशिरा पिकते आणि सप्टेंबरच्या हिमात सापडते. त्या एका अर्ध्या खऱ्या नावाच्या आडून बाकीची तीन खपवली जातात. ‘चार जाती असल्यामुळे परागीभवनाला दुसरं झाड नको’ हा युक्तिवादही पोकळ आहे; शहरात क्रॅबॲपलची झाडं गल्लोगल्ली फुलतात आणि मधमाश्या कुंपण मानत नाहीत.

झाडाबरोबर ‘विंटर किट’ विकतात, ते घेऊच नये. त्यात बहुतेकदा तीन वस्तू असतात: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घालायचं नत्रयुक्त खत, एक ‘अँटीफ्रीझ’ फवारा आणि काळा प्लॅस्टिक कागद. उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी वाढ चालू राहते, लाकूड पक्कं होत नाही आणि नोव्हेंबरची पहिली थंडीच झाडाला बाधते. फवारा पानांतून उडणारं पाणी अडवण्यासाठी असतो. पानगळ झालेल्या सफरचंदाला त्याचा उपयोग शून्य. काळ्या कागदाने फेब्रुवारीच्या उन्हात साल तापते, रात्री गोठते, आणि नैर्ऋत्येकडून उभी फाटते. याऐवजी जुलैनंतर खत बंद ठेवावं, ऑक्टोबरात जमीन गोठण्याआधी आळं भरून पाणी द्यावं, बुंध्यापासून हातभर सोडून १० सेंटिमीटर आच्छादन घालावं, खोडाला पांढरं संरक्षण द्यावं आणि ६ मिलिमीटर भोकांची लोखंडी जाळी ५ सेंटिमीटर जमिनीत रोवून बर्फाच्या अपेक्षित थराच्या वर जाईल इतकी उंच ठेवावी. बर्फाखालून शेतउंदीर आणि बर्फावरून ससे साल खातात.

ऑनलाइन विक्रेत्यांचा थाट आणखी निराळा. ‘हनीक्रिस्पच्या बिया’ म्हणजे उघड लूट, कारण सफरचंद बियांतून आईबापासारखं येत नाही. कॉस्मिक क्रिस्प ही वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीची परवान्यावर दिलेली जात आहे. तिचं कलम कुणी परवान्याचा पुरावा न दाखवता घरपोच देऊ करत असेल तर ते दुसरंच काहीतरी असू शकतं. परदेशातून सफरचंदाची रोपं कॅनडात आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा उल्लेखही न करणाऱ्या साइटवर कार्डाचा नंबर टाकू नये.

झाड मेलं तर लगेच उपटून टाकू नका. विक्रेत्याचं पहिलं वाक्य ‘पाणी कमी पडलं’ असतं, आणि त्याला उत्तर खोडातच असतं. धारदार चाकूने जोडाच्या वर आणि खाली नखाएवढी साल खरवडा. वर हिरवं आणि खाली तपकिरी असेल, मूळ खरवडल्यावरही आत पांढऱ्याऐवजी चहाच्या रंगाचं लागलं, तर खुंट थंडीने मेला आहे. वर तपकिरी आणि खाली हिरवं असेल तर जात टिकली नाही. फांदी उभी चिरून बघा. सालीलगत हिरवी रेघ आणि आत काळपट गाभा ही हिवाळी इजेची खूण आहे. एवढ्यानेच झाड मरतं असं नाही, पण ‘झोन ३’च्या दाव्याविरुद्ध पुरावा म्हणून ती चालते. बुंध्याभोवती दातांच्या खुणांचं कडं असेल तर उंदरांचं काम आहे, तिथे विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नाही. फक्त नैर्ऋत्येची साल फाटली असेल तर उन्हाचं काम.

या सगळ्याचे जवळून फोटो, चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि पावती एकत्र ठेवा. चिठ्ठी पहिल्याच दिवशी काढून घरात ठेवलेली बरी, उन्हापावसात तिची अक्षरं उडतात. ग्रुपवर दहा घरांची मिळून ऑर्डर देताना पावती एकाच नावावर निघते आणि मग बाकी नऊ जणांकडे दाखवायला काही उरत नाही. प्रत्येकाने आपली पावती वेगळी मागावी. क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे तक्रार करायची मुदत झाडाच्या हमीहून बरीच लहान असू शकते, तेव्हा ऑनलाइन आलेलं झाड चुकीचं दिसताच ती नोंदवावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार कॅनडा सरकारच्या कॉम्पिटिशन ब्यूरोकडे करता येते, पण ते तुमचे पैसे वसूल करून देत नाहीत.

नाजूक जात हवीच असेल तर मार्ग आहेत, फक्त ते कुंडीत तयार मिळत नाहीत. सायबेरियात क्रास्नोयार्स्कला व्सेव्होलोद क्रुतोव्स्की यांनी मोठ्या फळांच्या जाती जमिनीलगत आडव्या वाढवल्या, म्हणजे हिवाळ्यात बर्फ त्यांच्यावर पांघरूण घालतो. सास्कॅचेवनमध्ये हे जमू शकतं. चिनूकच्या टापूत बर्फच टिकत नाही.

दुसरा मार्ग कणखर झाडाच्या फांद्यांवर कलम करण्याचा. झाडाच्या जमिनीवरच्या भागात थंडीला सहज बळी पडतं ते फांदी फुटण्याचं बेचकं, कारण ते सगळ्यात उशिरा पक्कं होतं. म्हणून खोड आणि बेचकी काटक झाडाची ठेवायची. नील्स हॅन्सन यांनी साउथ डकोटातून १९१७ मध्ये दिलेला डोल्गो क्रॅब यासाठी उत्तम. तो लावून तीन-चार वर्षं वाढू द्या, मग रुंद कोनाच्या फांद्यांवर खोडापासून ३०-४५ सेंटिमीटर अंतरावर पाचर कलम करा. डोल्गोच्या दोन फांद्या तशाच राखा. कडक हिवाळ्यात नाजूक फांदी गेली तर ती कापून पुन्हा कलम बांधता येते, झाड जात नाही. आणि इतका खटाटोप नको असेल तर मॅनिटोबातल्या मॉर्डन संशोधन केंद्राचं १९५५ चं गुडलँड किंवा सास्कॅचेवनमधल्या स्कॉट केंद्राचं नॉरलँड लावावं. नॉरलँड ऑगस्टमध्येच तयार होतं. झाडावर पूर्ण पिकू दिलं तर मऊ पडतं, म्हणून जरा आधी उतरवायचं.

कलमकाड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड झोपेत असताना कापाव्यात. गेल्या वर्षीची वाढ, पेन्सिलीएवढी जाड. ओलसर कागदात आणि वरून पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात, आणि मेच्या सुरुवातीला डोल्गोच्या कळ्या फुगू लागल्या की प्रत्येकी दोन-तीन डोळे राखून बांधाव्यात. त्या फ्रिजमध्ये खायची सफरचंदं ठेवू नयेत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीनने काड्यांचे डोळे मरतात.