137 सेंटीमीटर आणि आईचे गुडघे: सोलापूरहून हैदराबादच्या दोन पार्कांची सहल

सोलापुरातल्या मुलांचे पहिले थीम पार्क म्हणजे गड्डा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या निमित्ताने होम मैदानावर आकाशपाळणे उभे राहतात, ब्रेक डान्स फिरू लागतो, मौत का कुआँमधून मोटारसायकलींचा आवाज येतो, आणि पाळण्याच्या दांड्याला घट्ट धरून बसलेले पोर दुसऱ्या फेरीनंतर खाली उतरायला तयार होत नाही. आमच्या घरातली पोरे गड्ड्यावर समाधान मानण्याच्या वयाच्या पुढे गेली, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत ‘खऱ्या’ पार्कला जायचे ठरले. आम्ही सातजण होतो: एकाहत्तर वर्षांची आई, आम्ही दोघे, पंधरा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा भाचा आणि शेजारच्या वहिनी त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीसह. दोन दिवसांत पाहिलेल्या वंडरला आणि रामोजी फिल्म सिटी या दोन ठिकाणांविषयी, आणि त्याहून अधिक या सहलीच्या आखणीविषयी, येथे लिहीत आहे.

पहिला वाद दिशेचा झाला. मुलीला खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे होते, कारण 2013 साली सुरू झालेल्या त्या पार्कातल्या नायट्रो या रोलर कोस्टरचे व्हिडिओ तिने इतक्या वेळा पाहिले होते की कोणते वळण कोठे येते हे तिला पाठ होते. माझे म्हणणे निराळे होते. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर आणि पुढे खोपोलीपर्यंत आणखी सत्तर-ऐंशी, त्यात पुण्याची वाहतूक आणि एक्स्प्रेसवेवरचा घाट. हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तेथे एकमेकांपासून जवळच असलेली दोन अगदी वेगळ्या स्वभावाची ठिकाणे. कुटुंब तीन पिढ्यांचे असेल तर एकाच पार्कात सगळ्यांचे समाधान होत नाही, असे माझे पक्के मत आहे. एक दिवस पोरांचा आणि एक दिवस आईचा, या बोलीवर मुलगी राजी झाली.

तारखांबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे आमचे कित्येक तास वाचले. तेलंगणात शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला, बतुकम्माच्या सणाला जोडून असते; दिवाळीला तेथे जेमतेम एक-दोन दिवस शाळा बंद असतात. आपल्याकडे नेमके उलटे आहे. त्यामुळे भाऊबीज उरकून पुढच्या आठवड्यातल्या मंगळवार-बुधवारी गेल्यास आपली मुले सुट्टीवर असतात आणि तेथली मुले वर्गात. वंडरलाचे तिकीट आडवारी शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त असते, हा आणखी एक फायदा. याच हिशेबाने संक्रांतीचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा तेलंगणातही सुट्टी असते आणि पार्क भरलेले असते. शिवाय त्या दिवसांत सोलापूरकराने गड्डा सोडून गाव का सोडावे, हे मला समजत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वॉटर पार्क बरे वाटते, पण रामोजीतले चालणे त्या उन्हात आईच्या वयाच्या माणसाला झेपणार नाही.

आम्ही सोमवारी दुपारी निघालो. हैदराबाद रोड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 65. पूर्वी यालाच 9 क्रमांक होता आणि जुनी माणसे अजून तोच म्हणतात. पुण्याहून निघालेला हा रस्ता सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा तीन राज्यांतून हैदराबादला पोहोचतो आणि पुढे विजयवाड्याकडे जाताना रामोजी फिल्म सिटीच्या दारावरून जातो. म्हणजे आमच्या गावातून जो रस्ता निघतो त्याच रस्त्यावर रामोजी आहे, फक्त मध्ये एक महानगर आडवे पडले आहे. ते टाळण्यासाठी संगारेड्डीच्या पुढे मुत्तंगी येथे आउटर रिंग रोडवर चढावे. एकूण 158 किलोमीटरच्या या रस्त्याच्या दक्षिणेकडील अर्ध्या वळशाने शमशाबादवरून गेले की 13 क्रमांकाच्या एक्झिटला वंडरला लागते आणि 11 क्रमांकाच्या एक्झिटला, पेद्दा अंबरपेटला, आपला महामार्ग 65 पुन्हा भेटतो; तेथून रामोजी थोडेच पुढे आहे. शहरातला एकही सिग्नल लागत नाही.

मुक्कामाच्या बाबतीत मात्र आमची फसगत झाली. ज्या हॉटेलात खोल्या घेतल्या त्याच्या जाहिरातीत ‘पार्कपासून दहा मिनिटे’ असे छापले होते. प्रत्यक्षात चाळीस मिनिटे लागली, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे आईला तिसरा मजला चढावा लागला. नकाशावर अंतर स्वतः मोजल्याशिवाय आणि लिफ्टविषयी फोनवर विचारल्याशिवाय खोलीचे पैसे भरू नयेत, एवढे त्यातून शिकलो.

वंडरलाची कंपनी केरळची. कोचीत 2000 साली तिचे पहिले पार्क झाले, 2005 मध्ये बंगळूरचे आणि 2016 मध्ये हे हैदराबादचे. तेथील शिस्त पहिल्या पाच मिनिटांत जाणवते. तिकीट वयावर नसून उंचीवर आहे: 85 सेंटीमीटरच्या आतल्या मुलाला फुकट, 140 पर्यंत लहान मुलांचे तिकीट, त्यापुढे पूर्ण. प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी पुन्हा उंचीची पट्टी असतेच. आमच्या भाच्याची उंची घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून मोजली होती आणि ती 140 भरली होती. आता कबूल करायला हरकत नाही की तेव्हा त्याच्या पायांत बूट होते.

‘रिकॉइल’ या उलट्या-सुलट्या रोलर कोस्टरच्या रांगेत तो सगळ्यांच्या पुढे होता. पट्टीशी उभा राहिला तेव्हा त्याने श्वास रोखून मान ताणली आणि टाचा हळूच उचलल्या. तेथल्या मुलाने हसून त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला, दुसऱ्या हाताने खाली बोट दाखवले, आणि टाचा जमिनीला लागताच तळवा तीन बोटे खाली आला. 137. कोणी रागावले नाही, कोणी वाद घातला नाही, पण आतही सोडले नाही. भाचा अर्धा तास कोणाशी बोलला नाही. मला त्या क्षणी वाईट वाटले तरी नियम योग्यच आहे. खांद्यावर आणि मांडीवर येणारा दांडा ठरावीक अंगलटीसाठी बनवलेला असतो आणि लहान अंग त्यातून निसटू शकते. मुलांची उंची घरी अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून मोजावी आणि कोणती राइड मिळणार नाही हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगावे. तसे न केल्याचा दोष पार्काचा नाही, माझा आहे.

रिकॉइलवर मुलगी आणि मी बसलो. यात गाडी आधी पाठीमागे उंच ओढली जाते आणि मग सोडून दिली जाते. वळणे, गिरक्या घेत ती समोरच्या चढावर पोहोचते. तेथे साखळी तिला वर धरून नेते आणि पुन्हा सोडते, की तीच सगळी वळणे आता उलट्या तोंडाने, पुढचे काही न दिसता. जाताना मी डोळे उघडे ठेवले होते. परतताना ठेवले की नाही, ते आठवत नाही. मुलीचा अभिप्राय असा की नायट्रोची हौस अजून शिल्लक आहे, पण घाई राहिलेली नाही.

दुपारनंतर पाण्याकडे वळलो, आणि सोलापूरकराची खरी गंमत येथे झाली. चादरी आणि टॉवेलांच्या गावाहून आलेले आम्ही सातजणांसाठी नऊ टेरी टॉवेल घेऊन गेलो होतो आणि त्यांतला एकही कोरडा परत आला नाही; पण अंगावर घालण्याच्या बाबतीत ज्या सुतावर आमचे गाव उभे राहिले तेच तेथे वर्ज्य आहे. पाण्यात फक्त नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम धाग्याचे कपडे चालतात. सुती कपड्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात आणि भिजून जड झालेले कापड घसरगुंडीवर अंगाखाली गोळा होते, हे कारण ऐकल्यावर पटते. मी सुती हाफ पँट घेऊन गेलो होतो आणि आतल्या दुकानात दुसरी विकत घेतली. घरून नेली असती तर तेवढ्याच पैशांत सगळ्यांचा चहा झाला असता. वेव्ह पूलमध्ये लाटा सुरू होण्याचा भोंगा वाजला की सगळा तलाव एकदम ओरडतो, आणि रेन डिस्कोत अंधारात, कोमट कृत्रिम पावसाखाली आमचा रुसलेला भाचा असा काही नाचला की सकाळचे तीन सेंटीमीटर तो विसरला.

आई मात्र दिवसभर सावलीत बसून होती. ती तक्रार करणारी बाई नाही, पण संध्याकाळी तिने विचारले, “उद्याही मी पिशव्याच राखायच्या का?” साडी नेसून पाण्यात जाता येत नाही, वेगाच्या राइडवर रक्तदाबवाल्याने बसू नये, मग उरते ते बाकडे. घरातल्या वृद्ध माणसाला केवळ सोबत म्हणून वॉटर पार्कला नेऊ नये. पुन्हा जाईन तेव्हा रामोजीचा दिवस आधी ठेवीन आणि दुसऱ्या दिवशी आईला खोलीवर विश्रांती घेऊ देईन.

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, म्हणून वहिनींनी आणलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी गाडीतच राहिल्या. पार्क सुटल्यावर वाहनतळावर डिकी उघडून, ओल्या केसांनी आम्ही त्या खाल्ल्या. दोन दिवसांतले सर्वांत रुचकर जेवण तेच होते.

रामोजी फिल्म सिटी 1996 साली उभी राहिली आणि जगातले सर्वांत मोठे फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. 1666 एकर हा आकडा वाचून काही बोध होत नाही. तो होतो मुख्य दारापासून बसने आत जाताना, जेव्हा बस चालतच राहते आणि आपण अजून पोहोचलेलो नसतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लहान मुलांसाठी पाळणे आणि काही राइड्स येथेही आहेत, पण हे मुळात थरारक राइड्सचे ठिकाण नव्हे. ते अपेक्षेत ठेवून जाणारे निराश होतात. येथे बघायचे असते ते खोटे खरे कसे दिसते हे.

वहिनींचे माहेर-सासर दोन्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरची भाषा तेलुगू. सोलापुरात पद्मशाली विणकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, पण हैदराबादला त्या केवळ लग्नकार्यासाठी आल्या होत्या. लाल बसमधला मार्गदर्शक हिंदीत माहिती सांगत होता, तर वहिनींनी चालकाशी तेलुगूत अशी काही ओळख काढली की आईला पुढचे, दाराजवळचे आसन मिळाले आणि प्रत्येक थांब्यावर गाडी तिच्यासाठी अर्धा मिनिट जास्त थांबली.

बस रेल्वे स्थानकापाशी आली. फलाट, पूल, पाट्या, डबे सगळे जागच्या जागी. आईने पंचवीस वर्षे सोलापूर स्टेशनवरून माहेरी ये-जा केलेली. ती खाली उतरून एका दगडी खांबाजवळ गेली आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केले. आवाज पोकळ आला. तिने पुन्हा वाजवून पाहिले, मग मागे जाऊन पाहिले, तर खांबाची पाठ उघडी आणि आत लाकडी चौकट. “हे तर नुसतं सोंग आहे की!” ती म्हणाली, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत तिने एकही खांब, एकही भिंत, एकही मूर्ती वाजवल्याशिवाय सोडली नाही. ‘बाहुबली’च्या माहिष्मतीच्या सेटवर भाचाही तिच्याबरोबर टकटक करत फिरला. आदल्या दिवशी पिशव्या राखणारी बाई त्या दिवशी आमच्या पुढे चालत होती.

रामोजीच्या दिवसाची आखणी खेळांच्या वेळांवर करावी. स्टंट शो आणि नृत्याचे कार्यक्रम ठरावीक वेळी होतात. आत शिरताच वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवावा, सकाळच्या पहिल्या बसने सेटची फेरी आटोपावी आणि उन्हाची वेळ बंदिस्त प्रेक्षागृहांत काढावी. आम्ही जेवणात रेंगाळलो आणि स्टंट शोची पहिली वेळ चुकवली. दुसऱ्या वेळेस जागा मिळाली ती उन्हात. पक्षी उद्यान छान आहे. फुलपाखरांच्या बागेपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही.

संध्याकाळी तेथून थेट सोलापूरला निघण्याचा बेत मी रद्द केला. दिवसभर चालून आल्यावर रात्री तीनशे किलोमीटर गाडी हाकणे हा पैसे वाचवण्याचा मार्ग नव्हे. तिसऱ्या रात्रीचे भाडे धरूनही सातजणांचा खर्च मला रास्त वाटला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा तिकिटांचा होता, जेवणखाण आणि डिझेल त्यानंतर. ज्यांच्याबरोबर फक्त चौदा-पंधरा वर्षांवरची मुले आहेत त्यांनी रामोजी वगळून वंडरलाला सबंध दिवस द्यावा. ज्यांच्याबरोबर आजी-आजोबा आहेत आणि एकच दिवस आहे त्यांनी वंडरला वगळावे.

दाराच्या चौकटीवरची ती पेन्सिलची खूण भाच्याने परत आल्यावर स्वतः खोडली आणि अनवाणी उभे राहून 137 वर नवी काढून घेतली. टकटक करून पाहणे आईने अजून सोडलेले नाही. परवा शेजारच्यांचे नवे फर्निचर तिने नापास केले.