ग्रहणाचे चष्मे, वेल्डिंगची काच आणि सूर्याची फिल्म : अकरा महिने वापरल्यावर

ग्रहणाचा चष्मा खराब निघाला तर डोळ्याला त्या वेळी काहीच कळत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं म्हणून माहीत नसतं. तो निवांत भाजत राहतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, वाचायला बसलं की नेमक्या मधल्या अक्षरावर डाग दिसतो. त्यामुळे "वापरून बघू, नाही पटलं तर परत करू" हा आपला नेहमीचा खाक्या इथे चालत नाही.

मला हे ऐकीव माहीत होतं, तरी २०२२ मध्ये चूक केलीच. २५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, पुण्यातून संध्याकाळी पाचच्या जरा आधी खंडग्रास ग्रहण लागणार होतं. ऑनलाइन तीनशे रुपयांत दहा चष्मे मिळाले. आयएसओ या सुरक्षेच्या मानकाचा आकडा छापलेला, नासाचं चिन्हही छापलेलं. पाकीट उघडून सहज एक चष्मा डोळ्याला लावला तर बैठकीतली ट्यूबलाइट दिसली, अख्खी, पट्टीसकट. दुसरा बल्बसमोर धरला तर फिल्ममध्ये सुईच्या टोकाएवढी तीन भोकं. विक्रेत्याला दोन मेल केले, उत्तर नाही. दहाच्या दहा कात्रीने कापून टाकले आणि चाळणीतून जमिनीवर पडलेल्या सूर्याच्या कोरी बघून ग्रहण साजरं केलं. (नासा कुठल्याच चष्म्याला प्रमाणपत्र देत नाही, त्यामुळे ते चिन्ह दिसलं की उलट सावध व्हावं, हे नंतर कळलं.)

म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत मुलाने अमेरिकेतल्या प्लेनोहून (डॅलसजवळ) विचारलं, "आई, एप्रिलला खग्रास ग्रहण बघायला येताय ना? चष्मे कुठले घेऊ?" तेव्हा मी त्याला अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची विक्रेत्यांची यादी बघायला लावली. छापलेला आकडा कोणीही छापतो. तपासलेल्या उत्पादकांची नावं त्या यादीत असतात. आयएसओ १२३१२-२ या मानकाप्रमाणे दिसणाऱ्या उजेडाचा फार तर ०.००३२ टक्के भाग आत यायला हवा, म्हणजे सव्वाएकतीस हजारांतला एक. शिवाय अतिनील आणि अवरक्त किरणांवरही मर्यादा आहे, आणि ती घरी तपासायची सोय नाही. गॉगल कितीही काळा असला तरी त्याच्या आसपाससुद्धा येत नाही. दोन गॉगल एकावर एक लावणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या काकांनी हे जरूर वाचावं.

मुलाने घेतले ते पुठ्ठ्याच्या फ्रेमचे, काळ्या पॉलिमरचे. त्यातून सूर्य नारिंगी दिसतो, डोळ्याला शांत वाटतो. खोलीत लावले तर मिट्ट काळोख, मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर फिकट ठिपका. असंच असायला हवं. ८ एप्रिलला डॅलसकडे सकाळपासून ढग होते, सगळ्यांचे चेहरे पडलेले. दुपारी एकनंतर ढग फाटत गेले. चंद्र पूर्ण आड आला आणि चष्म्यातून एकदम काही म्हणजे काहीच दिसेना. सून ओरडली, "आई, काढा आता!" खग्रास असेतोवर, आणि तेवढाच वेळ, चष्मा काढायचा असतो. खाली शुक्र लखलखत होता. पहिली तिरीप फुटली की परत लावायचा. मी दोन सेकंद उशीर केला, त्याबद्दल मुलाचं बोलणं खाल्लं.

तिथे सगळ्यांचं चष्म्याचं काम संपलं, आम्ही मात्र चार जोड सामानात घालून परत आणले. आणि खरा वापर इथेच सुरू झाला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्यावर ३६६४ क्रमांकाचा डागांचा प्रचंड पुंजका आला होता, पृथ्वीच्या साधारण पंधरापट रुंद. त्यातून उसळलेल्या सौरवादळांमुळे त्याच दिवसांत लडाखमधल्या हानलेहून आकाश लाल झालेलं दिसलं. सकाळी साडेआठला मी सासूबाईंना गच्चीवर नेलं. त्यांना आधी सूर्यच सापडेना, कारण आपल्याला तो फोटोतल्यासारखा मोठा हवा असतो. सापडल्यावर म्हणाल्या, "अगं, एवढासा? आणि कुंकवावर माशी बसलीय की." दुर्बीण नाही, काही नाही, पुठ्ठ्याच्या चष्म्यातून! तेव्हापासून हा रोजचा खेळ झाला. सूर्य साधारण सत्तावीस दिवसांत फिरतो, तोच पुंजका मेच्या अखेरीला पुन्हा कडेवर आला तेव्हा सासूबाईंनी तो "आपली माशी" म्हणून ओळखला.

तक्रारी आहेत. माझा नंबरचा चष्मा आहे, त्यावर पुठ्ठ्याची फ्रेम बसतच नाही. कानावर अडकवायचा नाद सोडून मी ती हाताने दाबून धरते, आणि मान वर करण्याआधी धरते. कडेने उजेड येतो, म्हणून सूर्याकडे पाठ करून लावायचा आणि मग वळायचं. लहान मुलांच्या बाबतीत तर फ्रेमवर अजिबात विश्वास ठेवू नका. नातवाच्या चष्म्याला आम्ही मागून इलॅस्टिक शिवलं. प्लॅस्टिकच्या फ्रेमचा एक जोडही मागवला होता. दिसायला झोकदार, पण फिल्म तीच आणि किंमत चौपट.

वेल्डिंगची काच रविवार पेठेत शोधली. नंबर १४ हवा (नंबर मोठा तितकी काच काळी). १२ भर दुपारी मला फार झगझगीत वाटला. दुकानदाराकडे दहा, अकरा असा माल, वर "मॅडम, हे पण चालतंय" हा सल्ला. नाही चालत. चौदा नंबरची काच तिसऱ्या दुकानात मिळाली. ओरखडे लवकर पडत नाहीत, पावसात वाकत नाही, पण सूर्य हिरवा दिसतो आणि आयताकृती काच लहान मुलाच्या हातात द्यायची म्हणजे जीव टांगणीला.

आता फिल्म, दुर्बिणीच्या पुढच्या भिंगांवर लावायची. बाडर कंपनीची अॅस्ट्रोसोलर फिल्म, ५.० घनतेची, ए-४ आकाराचा कागद. या घनतेला लाखातला एक भाग उजेड आत येतो. ३.८ घनतेचीही मिळते, ती फक्त फोटोसाठी आहे, डोळ्यासाठी नाही, घेताना आकडा वाचा. आमच्या यजमानांनी पुठ्ठ्याच्या दोन कड्यांमध्ये फिल्म धरून १०×५० दुर्बिणीसाठी दोन टोप्या केल्या. फिल्म ताणायची नाही. सुरकुत्या चालतात, उलट ढोलकीसारखी ताणली की चित्र बिघडतं. सूर्य पांढरा, जरा निळसर दिसतो आणि माशीचे पाय सुटे होतात : काळा गाभा, भोवती करडी झालर. अकरा महिन्यांत सगळ्यात जास्त आनंद याने दिला.

पण सगळ्यात मोठी भीतीही यानेच दाखवली. डिसेंबरातल्या एका सकाळी दुर्बीण स्टँडवर होती, वाऱ्याने डावी टोपी उडाली. त्या क्षणी कोणी डोळा लावलेला नव्हता, एवढंच नशीब. आता टोपीला तीन बाजूंनी चिकटपट्टी लावल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही असा घरचा नियम आहे. फिल्टर नेहमी पुढच्या भिंगावर. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत बघणं तर जीवघेणं, एकवटलेल्या उजेडाने फिल्म क्षणात जळते. स्वस्त टेलिस्कोपसोबत डोळ्याकडच्या भिंगात पिळून बसवायचा काळा फिल्टर येतो, तो उष्णतेने तडकतो. आमच्या शेजाऱ्यांचा तसाच तडकला, त्यांनी तो कचऱ्यात टाकला हे उत्तम.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर सूर्य दुर्मीळ. चार महिने चष्मे बंद डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवले, तरी एकाचा पुठ्ठा फुगून फिल्म कडेला सुटली. तो गेला. उरलेले तीन ठीक आहेत. "तीन वर्षांनी टाकून द्या" असं छापलेलं असतं, पण आयएसओच्या त्या मानकाचे असतील आणि ओरखडा, भोक, सुटलेली कड नसेल तर ते पुढेही चालतात. दर वेळी लावण्याआधी हात लांब करून बल्बसमोर धरायचे, मगच डोळ्यावर.

२ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रातून संध्याकाळकडे खंडग्रास दिसेल. ऐन पावसाळ्यात! तरी डबा तयार आहे. सासूबाईंनी त्यावर खडूने "माशी" लिहून ठेवलंय.