खानावळीचा ओला कचरा: कंपोस्ट की बायोगॅस?

माझी खानावळ पुण्यात, पेठेत. दोन वेळचं जेवण, मेंबर बहुतेक विद्यार्थी आणि बाहेरगावाहून नोकरीला आलेली मुलं. मागच्या बाजूला पंधरा बाय बारा फुटांचं अंगण आहे, दुपारी तीन-साडेतीनपर्यंत ऊन येतं. त्या अंगणात मी आधी अडीच वर्षं कंपोस्ट केलं, आणि आता चौथं वर्ष बायोगॅस चालवतोय. अलीकडे ओळखीच्या तीन खानावळवाल्यांनी आणि एका कँटीनवाल्यांनी ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करावं की बायोगॅस, हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. दोन्ही गोष्टी कशा चालतात ते पहिल्यापासून सांगत नाही. या निर्णयापर्यंत आलेल्या माणसाला तेवढं माहीत असतं.

हे सगळं करायचंच कशाला, असं विचारणारेही भेटतात. माझी आत्या फुरसुंगीला दिलेली. लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्या विहिरीवर पोहायचो, तेच पाणी प्यायचो. पुढे उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर शहराचा कचरा पडत गेला आणि त्या विहिरीचं पाणी गुरांना दाखवायचीही सोय राहिली नाही. तिथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, गाड्या अडवल्या. आपल्या ताटातला उरलेला भात कुणाच्या तरी विहिरीपर्यंत जातो, हे मी आत्याच्या घरी पाहिलंय. शिवाय डेपोत दाबला गेलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा 25 पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक म्हटलं. माझा कचरा त्याच्या चौथाईसुद्धा नाही. नियमाचा धाक म्हणून मी यात पडलो नाही.

दोन्हींपैकी काहीही घेण्याआधी एक काम करा. आठ दिवस खरकट्याची बादली वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा वहीत लिहा. माझ्याकडे पहिल्या आठवड्यात रोज 30-32 किलो भरायचे. वही बघितल्यावर कळलं, सगळ्यात जास्त वाया जातो तो पहिल्या वाढीचा भात. मग पहिल्यांदा मूदभरच वाढायचा, हवा त्याने दुसऱ्यांदा मागायचा, असं ठरवलं. आमटीची वाटी थोडी लहान आणली. महिन्याभरात बादली 22 किलोवर आली. ना कुणी उपाशी उठलं, ना कुणी तक्रार केली. हे आधी केलं नसतं तर मी नको तेवढी मोठी यंत्रणा घेऊन बसलो असतो.

आता कंपोस्ट. पैसे कमी लागतात, हा त्याचा मोठा गुण. मला बायोगॅसला त्याच्या जवळजवळ पाचपट खर्च आला. जाळीचे चार पिंप, विरजण, एक दाताळं, की झालं काम सुरू. लिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, कोथिंबिरीचे देठ, अंड्याची कवचं, काहीही घाला, हळूहळू का होईना सगळं कुजतं. दिवाळीत खानावळ आठ दिवस बंद राहिली तरी पिंपांचं काही बिघडत नाही. आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी हातात येणारं काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखं वास येणारं खत बघून जे समाधान मिळतं ते खरं आहे. ते मी नाकारणार नाही.

पण आपल्याकडचं खरकटं म्हणजे मुख्यतः आमटी-भात, रश्शाची भाजी, ताक. हे पातळ असतं. कंपोस्टला ओल हवी ती पिळलेल्या फडक्याइतकी, म्हणजे अंदाजे 50 ते 60 टक्के. आमटी-भात त्याच्या कितीतरी पुढे. म्हणून त्यात कोरडं काहीतरी मिसळावंच लागतं. आमच्याकडे हिशेब साधा होता: एक बादली खरकटं, एक बादली लाकडाचा भुसा. दर दोन दिवसांना एक पोतं.

आणि या भुशानेच शेवटी निकाल लावला.

हिवाळा-उन्हाळ्यात अडचण नव्हती. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून स्कूटरवर दोन पोती आणली की चार दिवस सुटका. जून उजाडला की चित्र बदलायचं. वखारीबाहेरचा ढीग भिजलेला. पोतं वरून कोरडं वाटायचं, पण मूठभर भुसा हातात दाबला की त्याचा गोळा व्हायचा. असा भुसा पाणी शोषत नाही, स्वतःचंच पाणी पिंपात घालतो. फर्निचरवाल्यांकडे कोरडा मिळतो, पण तो बहुतेक प्लायवूड आणि एमडीएफचा. त्यात डिंक आणि रेझिन असतं, ते मला खतात नको होतं. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा वापरून पाहिल्या. काम उत्तम होतं, पण रोज वापरायच्या तर खिशाला जड, आणि इथलं खरकटं जिरवायला लांबून दुसऱ्या राज्यातून विटा मागवायच्या हे मनाला पटेना.

दुसऱ्या पावसाळ्यातला जुलै माझ्या चांगला लक्षात आहे. सलग पाच दिवस झड लागलेली. पिंपाच्या तळातून तपकिरी पाणी अंगणात पाझरत होतं. आत हात घातला तर ऊब नाही. चांगल्या ढिगात हात ठेववत नाही इतकी उष्णता असते, इथे सगळं गार आणि चिकट. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या भिंतीवरून चढत होत्या. त्या निरुपद्रवी असतात, खरं तर कचरा खाऊन कामच करतात, पण जेवायला बसलेल्या माणसाला हे कसं सांगणार? वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खाली येऊन शांतपणे सांगितलं, "अहो, नातू झोपलेला असतो, खिडकी उघडता येत नाही." भांडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या भांडल्या नाहीत. त्या रात्री मी बायोगॅसची चौकशी सुरू केली.

कदाचित माझी पद्धतच चुकत असेल. छप्पर मोठं असतं, भुसा उन्हाळ्यातच भरून ठेवायला जागा असती, तर कंपोस्ट टिकलंही असतं. पण पेठेत चाळीस पोती कोरडी ठेवायला जागा कोणाकडे असते?

बायोगॅसचं नाव काढलं की पुण्यात ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आरती संस्थेची आठवण होतेच. गोबरगॅस म्हणजे शेण, हे समीकरण मोडून खरकटं, पिठूळ आणि गोड पदार्थ यांवर चालणारं छोटं संयंत्र डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच उभं केलं. त्यासाठी 2006 साली संस्थेला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. खूप मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राचं निसर्गऋण तंत्र आहे, पण ते माझ्या आवाक्याबाहेरचं. माझ्याकडे तीन हजार लिटरची टाकी आहे आणि तिच्यात उपडी बसवलेली दुसरी. रात्रभरात गॅस साठतो तशी वरची टाकी उचलली जाते. सकाळी सहाला अंगणात गेलो की टाकी किती वर आलीय त्यावरून काल काय काय घातलं होतं ते कळतं. भात-पोळीच्या दिवशी छातीपर्यंत, नुसत्या पालेभाजीच्या दिवशी कमरेला.

मुख्य म्हणजे पातळपणा इथे गुण ठरतो. आमटी, ताक, भाताची पेज, सगळं तसंच आत. एरवीही कचऱ्याइतकं पाणी घालावंच लागतं. भुसा नाही, कोरडं काही नाही, पावसाची धास्ती नाही. टाकी बंद असल्यामुळे वास बाहेर येत नाही. खरकटं आदल्या दिवशीचं पडून राहिलं तर भरताना तेवढा थोडा येतो.

त्रास आहेत, ते लपवत नाही. सुरुवातीला टाकीत शेणकाला भरून तीन-चार आठवडे थांबावं लागतं, आणि पहिला गॅस पेटत नाही म्हणून धीर सुटतो. लिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, हाडं, कवचं आत चालत नाहीत. पोळ्या भिजवून चुरून घालाव्या लागतात, नाहीतर वर तरंगून साय धरतात. आमच्या मावशी भांडी घासतानाच दोन बादल्या करतात. "दादा, आज लिंबं फार निघाली," असं त्या सांगतात तेव्हा मला कळतं की कचरा निवडणं नीट चाललंय. या कामासाठी त्यांच्या पगारात मी वेगळी भर घातली. ते फुकटात अपेक्षित धरू नका, नाहीतर टाकी महिन्यात बंद पडेल.

टाकी आंबते, हाही एक प्रकार. एका मुंजीचं उरलेलं श्रीखंड आणि जिलब्या मी एकाच दिवशी आत घातल्या. दोन दिवसांनी टाकी वर आलेली, पण गॅस पेटेना. आम्ल वाढलं की मिथेन करणारे जिवाणू मागे पडतात आणि नुसता कार्बन डायऑक्साइड भरतो. आठवडाभर खाणं बंद ठेवलं, शेणकाला घातला, थोडी चुन्याची निवळी घातली, मग ती पूर्ववत झाली. थंडीत गॅस कमी मिळतो. डिसेंबर-जानेवारीत मी भाजी उकडल्याचं गरम पाणी वापरतो, थोडा फरक पडतो असं वाटतं. मे महिन्यात मुलं गावी जातात, तेव्हा कचराच कमी, म्हणून गॅसही कमी.

आणि स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारा पातळ काला. जेवढं आत, तेवढं बाहेर. रोज चाळीस-पंचेचाळीस लिटर. अर्धी मी दुसऱ्या दिवशीच्या खरकट्यात पाण्याऐवजी घालतो. उरलेली एक माळीदादा दिवसाआड कॅनमधून नेतात, त्यांच्याकडे चार सोसायट्यांच्या बागा आहेत. ही सोय टाकी बसवण्याआधी करून ठेवा. गटारात सोडायची असेल तर या वाटेला जाऊच नका.

गॅसचं म्हणाल तर एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण 0.43 ते 0.45 किलो एलपीजी. मला रोज दोन घनमीटरच्या आसपास मिळत असावा. मीटर बसवलेला नाही, पण पूर्वीपेक्षा दर तीन-साडेतीन आठवड्यांना 19 किलोचा एक सिलिंडर कमी लागतो, हे बिलांवरून दिसतं. दाब कमी असतो, त्यामुळे मोठ्या छिद्रांचा वेगळा बर्नर लागतो. फोडणीला तो पुरत नाही. डाळ शिजवायला आणि भांड्यांचं पाणी तापवायला पुरतो. काल पोरांनी टाकलेल्या भातावर आज त्यांचीच डाळ शिजते, हे सांगितल्यापासून काही मुलं ताट अधिक स्वच्छ करायला लागली. याची नोंद वहीत नाही, पण मी पाहिलंय.

बटण दाबून चोवीस तासांत खत देणारी विजेची यंत्रंही बाजारात आहेत. एक ओळखीच्यांकडे पाहिलं. जे बाहेर पडतं ते वाळवलेलं खरकटं असतं. पाणी लागलं की पुन्हा वास मारतं. त्यात मी शिरलो नाही.

तुमचा कचरा मुख्यतः भाज्या निवडून उरलेले देठ-पानं, फळांच्या साली, चहाचा चोथा असा असेल, किंवा आवारात झाडं असतील आणि सुका पाला आयता मिळत असेल, तर कंपोस्टच घ्या. भुशाचा माझा सगळा त्रास तुम्हाला होणारच नाही. चहा-नाश्त्याचं दुकान, ज्यूस सेंटर, स्वयंपाक बाहेरून येणारी ऑफिसं, यांनी टाकीच्या भानगडीत पडू नये. टाकीवर ऊन येत नसेल, हवा खेळती नसेल, चूल किंवा ठिणगी जवळ असेल, तरीही नको. ताटातलं पातळ खरकटं रोज दहा-पंधरा किलोच्या वर असेल आणि शेगडी टाकीला लागून नसली तरी तुमच्याच स्वयंपाकघरात असेल, तर मात्र मी बायोगॅसच म्हणेन. माझे तीन पिंप मी देऊन टाकले. चौथा ठेवलाय, मावशींच्या लिंबांसाठी आणि कांद्याच्या टरफलांसाठी. तेवढ्याला महिन्याला अर्धं पोतं भुसा पुरतो.

ठरवण्याआधी चालू असलेली दोन्ही ठिकाणं स्वतः जाऊन बघा. पण जुलै-ऑगस्टमध्ये जा, आणि दुपारी तीनला जा, जेवणं उरकून खरकट्याची बादली बाहेर येते तेव्हा. मालकाशी नंतर बोला. आधी ती बादली रिकामी करणाऱ्या बाईला विचारा, पावसात किती वेळ लागतो.