नव्या चेंबरचे पैसे घेतले, गाडीला जुनाच चेंबर

ज्यांच्या दारात जुनी ओम्नी, मारुती ८०० किंवा जीप आहे त्यांनी हे जरूर वाचावं. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात अशा गाड्यांवर अजून कितीतरी घरांचा धंदा चालतो. ऑइल बदलायच्या साध्या कामात त्यांना कसं लुबाडतात, ते आमच्या घरच्याच गाडीवर बघायला मिळालं.

गाडी थोरल्या दादांची, ओम्नी. खानापूर तालुक्यातून बेळगावच्या एपीएमसीला त्यातूनच भाजी जाते. हायवेलगतच्या एका गॅरेजात ऑइल बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ऑइलचा काळा डाग. दादा परत गेले. गॅरेजातल्या पोराने खाली वाकून बघितल्यासारखं केलं आणि मालक म्हणाला, "मामा, चेंबरच गेलाय बघा. पत्रा कुजलाय. नवाच घालायला पायजे." चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइल साठवणारं भांडं. संध्याकाळपर्यंत गाडी तयार. चेंबरचे २२०० रुपये, वर मजुरी आणि ऑइलचे वेगळे. बिल म्हणून एक साधी चिठ्ठी. जुना चेंबर मागितला तर "भंगारात गेला की" असं उत्तर. गळती काही दिवस थांबली, मग पुन्हा सुरू.

तेव्हा मी गाडी उद्यमबागेत ओळखीच्या एका लेथवाल्याकडे नेली. त्यांनी गाडी वर घेऊन चेंबरवर डिझेलचा बोळा फिरवला. वरचा ताजा काळा रंग बोळ्याला लागून आला आणि खाली जुना गंजका पत्रा दिसला. त्यावर पोचा होता, जांबोटीच्या रस्त्यावर दगड लागून आलेला. तो पोचा दादांनी लगेच ओळखला. चेंबर कधी बदललाच नव्हता. ड्रेन बोल्टभोवती, म्हणजे जुनं ऑइल काढायला चेंबरच्या तळाला असतो त्या बोल्टभोवती, एम-सील थापलेलं होतं. ते खरवडून बोल्ट काढला तर आट्यांवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे पदर गुंडाळलेले, आणि टेपमध्ये आट्यांचे लोखंडी तुकडे स्प्रिंगसारखे अडकलेले. चेंबरच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा गोळा लोंबत होता.

हा गोळा फार धोक्याचा. तो सुटला की ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, टेपचे तुकडेही तिथेच जातात, आणि इंजिनला ऑइल कमी पडतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंगला मार बसलेला असतो. दोनशे-तीनशे रुपयांची चूक झाकण्यासाठी हे लोक आख्खं इंजिन पणाला लावतात, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

लेथवाल्यांनी समजावलं ते असं. या मारुतीचा ड्रेन बोल्ट १४ मिलिमीटरचा, दीड पिचचा, म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर. गळती आटे थांबवत नाहीत, ते फक्त बोल्ट ओढून धरतात. ऑइल अडवतो तो बोल्टच्या डोक्याखालचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर, तो दबून दोन सपाट पृष्ठभागांमध्ये बसतो म्हणून. एकदा दबलेला वायसर पुन्हा नीट दबत नाही, म्हणून दर वेळी नवा घालायचा. त्याला चहाच्या कपाएवढेसुद्धा पैसे पडत नाहीत. गॅरेजवाले जुनाच घालतात, ठिबकायला लागलं की पान्याला पाइप लावून आवळतात, आणि वर्षानुवर्षं उघडझाप झालेले आटे तिथेच जातात. बोल्टला ३५ न्यूटन मीटर जोर पुरतो, साध्या रिंग पान्याने एका हाताने ओढला तरी तेवढा लागतो. बोल्टसुद्धा आधी बोटांनी फिरवूनच बसवायचा. बोटांनी जात नसेल तर तो तिरपा लागलाय, तिथे पाना लावायचाच नाही.

आमचा चेंबर उतरवला, धुतला, बोल्ट ज्यात बसतो तो जुना नट कापून नवा वेल्ड केला, तोंड सपाट केलं, आत रॉकेल भरून रात्रभर ठेवला. थेंब नाही. चेंबर अॅल्युमिनियमचा असेल, किंवा मोटारसायकल असेल, तर तिथे भोक मोठं करून स्टीलची आट्यांची स्प्रिंग बसवतात, तीही टिकते. थोडा मोठा, स्वतःच आटे पाडत जाणारा बोल्टही मिळतो, पण तो नडीलाच वापरावा, कारण तिरपा गेला तर पुढच्या दुरुस्तीला जागा उरत नाही.

कुणी चेंबर गेला म्हणालं तर ड्रेन बोल्ट समोर काढून दाखवायला सांगा. उतरवण्याआधी चेंबरचा फोटो काढा, जुना भाग डिकीत टाकून घ्या, आणि नाव-तारखेसह बिल घ्या, कारण पुढे सगळं त्या कागदावर अडतं.

आम्ही फोटो घेऊन त्या गॅरेजात गेलो. मालकाने आधी आवाज चढवला, मग पोरावर ढकललं, शेवटी चेंबरचे २२०० परत दिले. मजुरी आणि ऑइलचे पैसे द्यायला तयार नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं दादांनी ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही. चिठ्ठी, फोटो आणि तो टेप गुंडाळलेला बोल्ट जपून ठेवलाय.