आमच्या सोसायटीचं आग पथक: चार तारे, पाचवा शंकरपाळ्यांत गेला

पाचांपैकी चार तारे देतेय. पाचवा कुठे गेला ते आधीच सांगून टाकते: नऊ किलो शंकरपाळ्यांबरोबर कचऱ्याच्या डब्यात.

आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो, घोडबंदर रोडपासून जरा आत. तीन विंग, चौदा मजले. मी चौथ्या मजल्यावर पोळी-भाजीचे डबे करते आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. इथे घर बघायला येणारे लोक पाणी किती वेळ येतं, पार्किंग मिळेल का, कुत्रा चालतो का, एवढंच विचारतात. आग लागली तर धावणारं आमचं स्वतःचं पथक आहे, हे कोणी विचारत नाही आणि ब्रोकरही सांगत नाही. म्हणून मी लिहितेय.

पथक म्हणजे पगारी माणसं नाहीत. सोसायटीतलेच अकरा जण, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी आणि ऑफिसच्या बॅगेत टॉर्च. दोन वर्षांपूर्वी बी-विंगच्या मीटर रूममधून धूर यायला लागला आणि कोणीतरी जिन्यातला लाल डबा उघडला. आत नोझलच नाही. पितळेचं होतं, कधीच भंगारात गेलं असणार. पाइप उलगडला तर घडीघडीवर चिरलेला. वर कुठेतरी वाल्व गळत होता म्हणून खाली पंपच बंद करून ठेवलेला. कागदावर मात्र सगळं ठणठणीत! आपल्या राज्यात २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत इमारतीची आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, ज्याला सगळे फॉर्म बी म्हणतात, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन दलाकडे द्यावा लागतो. आमचा अगदी वेळेवर जात होता. एजन्सीचा माणूस यायचा, चहा प्यायचा, शिक्का मारायचा. त्या दिवशी वॉचमनने मेन स्विच पाडला आणि बाळकूमच्या अग्निशमन केंद्रातून बंब आला म्हणून निभावलं. पुढच्याच सभेत एजन्सी बदलली. नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.

त्याच सभेत बी-विंगचे एक काका उभे राहिले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सगळी हयात फिटर म्हणून गेलेली, सभेत एरवी तोंड न उघडणारे. म्हणाले, "एजन्सी बदला नाहीतर ठेवा, पंप रूमची किल्ली माझ्याकडे द्या." पथकाची सुरुवात ही अशी.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला काका पंप रूम उघडतात. लाइनमध्ये सतत दाब धरून ठेवायला एक छोटा पंप असतो, त्याला जॉकी म्हणतात. कुठल्याही मजल्यावर वाल्व उघडला आणि दाब पडला की मोठा पंप आपोआप सुरू व्हायला हवा. आता हे 'व्हायला हवा' आमच्याकडे कागदावर राहत नाही. काका एकाला वर पाठवून वाल्व उघडायला लावतात आणि स्वतः गेजच्या काट्याकडे बघत उभे राहतात, दूध उतू जायची वाट बघावी तसे. मग वीज गेल्यावर लागणारा डिझेलचा पंप दहा मिनिटं चालवतात. त्याचा धूर ए-विंगच्या पहिल्या मजल्यावर जातो आणि तिथल्या वहिनी दर महिन्याला न चुकता ओरडतात. मला वाटतं त्या ओरडल्या नाहीत तर काकांना चुकल्यासारखं होईल.

त्यानंतर एक पाइप उलगडतात. पंधरा मीटर लांब, टोकांना जाडजूड कपलिंग, एकमेकांत खट्‌कन बसणारी. मी एकदा नोझल धरलंय. दोन्ही पाय रोवून, पाइप काखेत दाबून उभं राहायचं, मागे दुसऱ्याने आधार द्यायचा. पाणी आलं तसा पाइप आधी ताठ झाला आणि मग त्याने मला अख्खं एक पाऊल मागे ढकललं. रोज सात-आठ किलो कणीक तिंबणारे माझे हात, तरी दुसऱ्या दिवशी खांदा भरून आला. पाणी फुकट घालवतात अशी तक्रार सेक्रेटरींनी केली होती. हल्ली त्याच पाण्याने पोडियम धुऊन निघतं, तेव्हा ती तक्रार मिटली.

आता शंकरपाळ्या.

गेल्या दिवाळीच्या आधीचा मंगळवार, सकाळचे पावणेबारा. कढईत तेल, गॅस मोठा, दारावर बेल. कुरिअरवाल्याला ओटीपी सापडेना, मला चष्मा सापडेना. परत आले तर कढईवर हातभर ज्वाळा. बाई म्हणून तीस वर्षं चुलीपुढे उभी आहे, पण हात गेला तो पाण्याच्या हंड्याकडेच. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधला कॉलेजचा मुलगा माझा आरडाओरडा ऐकून आत आला. हा पथकात आहे. "काकू, पाणी नको!" एवढंच ओरडला. आधी भिंतीवरचा पाइप गॅसचा मुख्य कॉक बंद केला. मग ओट्यावरची कणकेची परात घेतली आणि ज्वाळेच्या आडून, आपल्याकडून पलीकडे सरकवत कढईवर झाकली. वरून आपटली नाही. दोन-तीन सेकंद कडेने जीभ बाहेर आली आणि मग काहीच नाही. इतकं साधं. मी परात उचलून बघायला गेले तर त्याने माझा हात धरला. "अर्धा तास हात लावायचा नाही. तेल तापलेलंच आहे, हवा लागली की परत पेटेल."

पाण्याचं त्याने नंतर समजावलं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जातं, तिथे एका क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल घेऊन छतापर्यंत उडते. म्हणजे हंडा ओतला असता तर मी हे लिहायला नसते किंवा ओळखू आले नसते.

इथपर्यंत पाच तारे. पाचही.

मग लिफ्टमधून सी-विंगचे एक गृहस्थ अवतरले. हेही पथकातले, त्या दिवशी घरून काम करत होते. हातात आग विझवायच्या पावडरचं सहा किलोचं लाल सिलिंडर. मुलगा "विझलंय काका, विझलंय" म्हणतोय तोवर यांनी पिन उपसली, दांडा दाबला आणि प्रशिक्षणात शिकवल्याबरहुकूम डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, माझ्या परातीवर पावडर मारली. सहा किलोचं सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं. ती पंधरा-वीस सेकंदं मी मोजली. पावडर फिकट पिवळी, पिठीसाखरेहून बारीक. ती मिक्सरच्या भांड्यात गेली, मसाल्याच्या डब्यात गेली, पंख्याच्या पात्यांवर बसली. टेबलावर वर्तमानपत्रावर पसरलेल्या नऊ किलो शंकरपाळ्या तळून गार होत होत्या, त्यांच्यावर तर अशी बसली की जणू मीच साखर भुरभुरली. ती खाण्यात जाऊ द्यायची नाही, सगळं फेकायचं. धातूवर ओल्याने राहिली तर खाते, म्हणून शेगडी त्याच दिवशी घासून काढावी लागली. तीन दिवस मी आणि माझी मदतनीस फडकी पिळत होतो. ऐन दिवाळीत गिऱ्हाइकांना फोन करून "आग लागली होती" सांगायचं म्हणजे काय, ते फराळ विकणाऱ्यांनाच कळेल.

गृहस्थांना मी काही बोलले नाही. धावत आले होते, बिचारे घामाने निथळत होते. पण पथकाच्या बैठकीत जाऊन बोलले. स्वयंपाकघरात पावडर हा शेवटचा उपाय, आधी गॅस बंद आणि झाकण, हे अकराच्या अकरा जणांना पाठ हवं. आणि मला त्याहून मोठी गोष्ट सांगायची होती. अकरा जणांची यादी जिन्यात लावली आहे. त्यातले आठ सकाळी सव्वाआठच्या आत ठाणे स्टेशनच्या रिक्षेत असतात. दुपारी पावणेबाराला इमारतीत कोण असतं? आम्ही बायका, म्हातारी माणसं, कामाला येणाऱ्या ताई, वॉचमन. म्हणजे ज्या वेळी गॅस चालू असतात त्या वेळी पथक अंधेरीला. हे बोलले तेव्हा दोन मिनिटं सगळे पंख्याकडे बघत होते.

आता यादी बदलली आहे. दिवसपाळीचे दोन्ही वॉचमन आत आले, आम्ही चौघी बायका आलो आणि तीन घरी काम करणाऱ्या एक ताईही. शिट्टी माझ्याही गळ्यात आहे. प्रत्येक मजल्यावर एक फायर ब्लँकेट आलं: काचेच्या धाग्यांचं, दोन पट्ट्या खाली ओढल्या की हातात येतं.

त्याचे पैसे आम्ही मिसळ विकून उभे केले. कल्पना माझ्या नणंदेच्या मुलाची. तो पेनसिल्व्हेनियात असतो, त्यांच्या गावाचं अख्खं अग्निशमन दल असं बिनपगारी लोकांचं आहे. दिवसा कोणी सुतार, कोणी मास्तर, पेजर वाजला की हातातलं टाकून स्टेशनकडे. खर्चासाठी रविवारी सकाळी पॅनकेक विकतात, उन्हाळ्यात कोंबडी भाजून विकतात, गाव रांगा लावून खातं. ही परंपरा तिथे जुनी आहे. फिलाडेल्फियात १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने अशी बिनपगारी अग्निशमन कंपनी काढली, तेव्हा प्रत्येक सभासदाने स्वतःच्या चामडी बादल्या आणि जळत्या घरातलं सामान भरायला पिशव्या ठेवायच्या असा नियम होता. भाच्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मामी, तुमच्याकडे बंब किती?" मी म्हटलं, आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो, तोही दोनदा फोन केल्यावर.

फरक आहेच. त्यांचं दल म्हणजेच तिथली फायर ब्रिगेड. आमचं पथक बंब येईपर्यंतच्या वेळापुरतं. पण मेट्रोच्या कामात घोडबंदर रोड कसा होता आणि अजून कसा असतो, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तो वेळ मोठा असतो.

मिसळीचा रविवार एप्रिलमधला होता. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या स्मरणार्थ. १४ ला बाबासाहेबांची जयंती, पथकातले तिघे मिरवणुकीच्या तयारीत, म्हणून आम्ही पुढचा रविवार धरला. सकाळी कवायत, मग एकशे चाळीस प्लेट मिसळ. कट माझा, वाढायला पथक. सेक्रेटरींनी तीन प्लेट खाल्ल्या आणि दोनचे पैसे दिले, हे नोंदवून ठेवते.

बाकीचे कॉल थोडक्यात. लिफ्टमध्ये अडकणं सगळ्यात जास्त. त्यात पथक दार उचकटत नाही, लिफ्ट कंपनीला फोन लावून आतल्या माणसाशी बोलत बाहेर बसतं. एकदा ए-विंगचे आजोबा अडकले होते तेव्हा काकांनी त्यांच्याशी पाऊण तास माहीमच्या जुन्या चाळीवर गप्पा मारल्या. आजोबा बाहेर आले ते गप्पा अर्ध्यावर राहिल्या म्हणून नाराज. पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेल्या स्कूटरची बॅटरी धुमसली तेव्हा खालचा वीजपुरवठा तोडला, सगळ्यांना लांब ठेवलं आणि थेट १०१ लावला. स्वतः शूरपणा केला नाही, हे मला आवडलं.

आणि लक्ष्मीपूजनाची रात्र. शंकरपाळ्या प्रकरणानंतर सहाच दिवसांनी. अकराव्या मजल्याच्या बाल्कनीत रॉकेट शिरलं, वाळत घातलेले कपडे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या पेटल्या, घराला कुलूप. शेजारच्यांकडे किल्ली होती. दोघांनी त्या मजल्यावरचं होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली रबरी नळी, ओढत आत नेली आणि आग बाल्कनीतच संपवली. पण मी बघत होते ते खाली. बाळकूमला फोन गेला त्याच मिनिटाला दोघं गेटवर धावले. पाहुण्यांच्या गाड्या दुहेरी लावलेल्या. पथकाकडे प्रत्येक गाडीमालकाचा नंबर असतो, बाहेरच्यांचाही गेटवर लिहून घेतात. शिट्ट्या, फोन, आणि एका गाडीचा मालक सापडेना तर सहा जणांनी ती चक्क उचलून सरकवली. बंब वळण न मारता थेट सी-विंगखाली येऊन उभा राहिला. दलाच्या जवानांनी वर जाऊन भिंतीला तळहात लावून बघितला, एसीचं बाहेरचं खोकं उघडून तपासलं, मगच उतरले. जाताना त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "गेट कोणी मोकळं केलं?"

तर इथे राहायला येणार असाल तर गाडीमालकाचा नंबर खरा द्या, आणि फोन आधी १०१ ला, मग पथकाच्या ग्रुपवर. उलट करू नका. ग्रुपवर आधी 'काय झालं?' असे चाळीस मेसेज येतात.

माझ्या शंकरपाळ्यांच्या भरपाईचा विषय तीन सभांत आला आणि तिन्ही वेळा 'पुढील सभेत घ्यावा' असं ठरलं. सिलिंडर मात्र दुसऱ्याच दिवशी भरून आलं.